माथ्याची ओळ

समितीचे लोक अकराला येणार होते, आणि सकाळी आठपासून घरात भांडण चाललं होतं ते आप्पांनी कुठल्या खुर्चीत बसायचं यावर.

दादाचं म्हणणं, आप्पांनी कारखान्यात बसावं. मागे दगड, हातात छिन्नी, अंगावर भुकटी. वकिलाचं म्हणणं, बैठकीत बसावं, पुस्तकांच्या कपाटापुढे. आप्पा ज्याच्या त्याच्या म्हणण्याप्रमाणे उठत होते, बसत होते. चौऱ्याण्णव वर्षांच्या माणसाला दोन्ही मुलगे एवढ्या मानाने इकडून तिकडे नेतायत म्हटल्यावर ते आतून खूश होते.

“मला कुठेही बसवा,” ते म्हणाले. “गोष्ट तीच आहे.”

गोची नेमकी तिथेच होती. दादाला या खेपेला तीच गोष्ट नको होती.

ताई आखणीच्या टेबलाशी पाठ करून उभी होती आणि उगाच पट्टी पुसत होती. दादा मोठा, ही मधली, वकील धाकटा. लग्न केलं नाही, शाळा अर्धवट सोडली, आणि वयाच्या सोळाव्या वर्षापासून या टेबलावर दगडाची अक्षरं आखत आलीय ती साठीला टेकली तरी. दादा कोरतो उत्तम, पण अक्षर आखायला त्याचा हात चालत नाही. ताईने कागदावर काढायचं, दगडावर उतरवायचं, मग दादाने छिन्नी लावायची. म्हणून आप्पा तिला ‘रेघे’ म्हणत. बाकीचे ताई म्हणत, आणि काम अडलं की हळू आवाजात ताई म्हणत.

गोष्ट अख्ख्या देशाला पाठ होती. सभागृहाच्या दारात जो काळा, दहा फुटी दगड उभा आहे, ज्यावर राज्यघटनेचं पहिलं पान कोरलंय, तो यांच्या आजोबांनी या कारखान्यात कोरला. आप्पा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, निम्मी अक्षरं त्यांच्या हातची. त्या दगडाचा माथा, म्हणजे सगळ्यात वरची पट्टी, कोरा आहे. एरवी कारखान्यात मयताचे दगड होतात, त्यांच्यावर तिथे देवाची ओळ असते. टेकडीवरच्या प्रार्थनाघरात जाणाऱ्यांचा देव थोरला, ते तिथे ‘थोरल्याच्या कृपेने’ घालतात. नदीकाठच्यांची देवी आई, ते ‘आईच्या कुशीत’ घालतात. कुठेच न जाणारेही बरेच आहेत, त्यांना हे दोघंही ‘कोरडे’ म्हणतात, आणि तेवढ्या एका बाबतीत दोघांचं एकमत आहे.

चौथीच्या पुस्तकात धडा होता. पुढाऱ्यांनी पाथरवटाला सांगितलं, माथ्यावर थोरल्याचं नाव घाल. पाथरवटाने हातोडी खाली ठेवली. म्हणाला, “साहेब, दगड सगळ्यांचा आहे. ज्याचा देव त्याने मनात वाचावा.” पुढाऱ्यांचे डोळे भरून आले आणि तेव्हापासून या देशात सरकार सरकारच्या जागी आणि देव देवाच्या जागी राहिले. धड्याखाली प्रश्न होता: पाथरवटाने हातोडी खाली का ठेवली? दोन गुण. ताईला त्यात एकच मिळाला होता. तिने लिहिलं होतं, हात दुखला असेल.

वकिलाचा सगळा धंदा त्या माथ्यावर उभा होता. कोर्टं निकालात ‘कोऱ्या माथ्याचं तत्त्व’ असं लिहायची आणि वकील ते तत्त्व घेऊन तीस वर्षं भांडत होता. शाळेत प्रार्थना नको, पोलीस ठाण्यात मूर्ती नको, टेकडीच्या रस्त्याला सरकारी डांबर नको. आजोबांचं नाव घेतलं की न्यायाधीशसुद्धा सावरून बसायचे.

आणि आता सरकार टेकडीवाल्यांचं होतं. देशाला पंच्याहत्तर वर्षं होणार होती. समितीचं म्हणणं, माथा कोरा ठेवलेला नाहीच, तिथली ओळ कुणीतरी कोरू दिली नाही. हे सिद्ध झालं की ती ओळ कोरायची. आणि कायद्याप्रमाणे त्या दगडाला या कारखान्याशिवाय कुणी छिन्नी लावू शकत नाही.

“आप्पा, फक्त एवढं म्हणा,” दादा पुन्हा खुर्चीजवळ उकिडवा बसला. “माझ्या बाबांची कोरायची इच्छा होती. कुणीतरी थांबवलं. कोणी ते आठवत नाही.”

“आठवत नाही कसं? सगळं आठवतं.”

“तेच तर नका आठवू.”

“दादा, साक्षीदाराला पढवतोयस तू,” वकील दारातून म्हणाला.

“तू काल रात्री जेवताना काय करत होतास? त्यांना धडा वाचून दाखवत होतास! चौथीचा!”

“ती त्यांचीच गोष्ट आहे.”

“तुझं पोट आहे त्या गोष्टीवर, म्हणून तुला गोड लागते.”

“आणि तुला काय मिळणारे? थोरला येऊन पाठ थोपटणारे तुझी?”

दादा उठून उभा राहिला. उंच माणूस, पण एकदम लहान दिसला. “आजोबांनी तो दगड कोरला. आप्पांनी कोरला. मी चाळीस वर्षं काय कोरतोय? अमक्याचा प्रेमळ पिता. तमक्याची लाडकी आत्या. मसणवट्याबाहेर माझं एक अक्षर नाही. एक ओळ मागतोय मी, एक!”

ताईला वाईट वाटलं, पण तिला आज सगळ्यांचंच वाईट वाटत होतं. कारण टेबलाच्या खालच्या खणात, आखणीच्या जुन्या कागदांखाली, एक पावती होती. अकरा वर्षांपूर्वी मांडणी हलवताना भिंतीच्या फटीत सापडलेली. त्या दगडाच्या ऑर्डरची. ती वाचली तेव्हा ताई जमिनीवर बसली होती. आजोबांनी हातोडी कधी खाली ठेवलीच नव्हती. ठेवायची वेळच कुणी आणली नव्हती.

तिने कुणाला सांगितलं नाही. दरवर्षी स्थापनेच्या दिवशी शाळांची पोरं रांगेने यायची, आप्पा हातोडी खाली ठेवून दाखवायचे, पोरं टाळ्या वाजवायची. त्या टाळ्यांवर म्हातारा वर्ष काढायचा. आई गेल्यापासून तर दुसरं काही नव्हतंच. त्याच्या तोंडावर कोण नेऊन धरणार तो कागद?

वहिनी चहाचे कप घेऊन आली. दादाची बायको. जन्म नदीवाल्यांचा, लग्न टेकडीवाल्यांत, आणि जीभ दोन्हीकडे पुरेल एवढी.

“कोरायचं काय ठरलंय नक्की?” तिने विचारलं.

“थोरल्याच्या कृपेने,” दादा म्हणाला.

“आणि आई?”

“कुठली आई?”

“कुठली म्हणजे! पस्तीस वर्षं संसार केलात माझ्याशी. माझ्या माहेरचे काय त्या देशात राहात नव्हते? तेव्हा काय बाहेरगावी गेले होते?”

“अगं, एकच ओळ बसते तिथे.”

“मग आईची बसवा. थोरल्याला काय, कुठेही बसवलं तरी मोठाच.”

वकील हसला. वहिनीने त्याच्याकडेही वळून पाहिलं. “तुम्ही हसू नका भाऊजी. तुमच्या माथ्यावर कुणीच नाही, म्हणून तर असे वाट्टेल तसे बोलता.”

बरोबर अकराला घंटी वाजली.

समितीचा सचिव एकदम सभ्य माणूस निघाला. नीट इस्त्री, बारीक आवाज, चप्पल दाराबाहेर काढायची का असं स्वतःहून विचारलं. बरोबर एक टायपिस्ट होता, मांडीवर यंत्र घेऊन बसला आणि कुणी खोकलं तरी टाइप करायला लागला. आप्पांना शेवटी बैठक आणि कारखाना यांच्यामधल्या दारात बसवलं होतं. दोन्ही मुलांचं समाधान, आणि आप्पांच्या पाठीला वारा.

आप्पांनी गोष्ट सांगितली. छान सांगितली. तीच. दादाने मध्ये दोनदा घसा साफ केला, टायपिस्टने दोनदा टाइप केलं. हातोडीशी आल्यावर आप्पांनी खरोखर हात खाली नेला, आणि सचिवाने मान डोलावली.

“सुंदर,” तो म्हणाला. “मी लहानपणी पाठ केलंय हे. दोन गुण मिळाले होते मला.”

मग त्याने पिशवीतून एक मोठा फोटो काढला आणि आप्पांच्या मांडीवर ठेवला. दगडाच्या माथ्याचा फोटो, तिरका उजेड पाडून काढलेला. कोऱ्या पट्टीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन बारीक समांतर रेघा ओरखडलेल्या होत्या.

“आजोबा, या कसल्या?”

आप्पांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. “रेघा आहेत.”

“कशाच्या?”

“अक्षराच्या. वरची एक, खालची एक. मध्ये अक्षर बसतं.”

“जी जागा कोरीच ठेवायची ठरली, तिथे कुणी अक्षराच्या रेघा ओढतं?”

आप्पांनी फोटो पुन्हा उजेडाकडे धरला.

“तुम्ही या कामातले. तुम्हीच सांगा.”

“बाबांनी... नंतर ठरवलं असेल.”

“पण आत्ताच म्हणालात, कोरायला घ्यायच्या आधीच हातोडी ठेवली. रेघा कोरायला घेतल्यावर ओढतात ना?” आवाज तेवढाच बारीक, तेवढाच सभ्य. “आजोबा, मला तुमचा मान राखायचाय. पण इतकी वर्षं पोरांना तुम्ही जे सांगत आलात, ते खोटं असेल तर आज सांगून टाका. कुणी थांबवलं होतं? कुणाला घाबरला होतात?”

आप्पांनी आधी दादाकडे पाहिलं. दादा खाली बघत होता. त्याला हवं तेच चाललं होतं आणि ते त्याला बघवत नव्हतं. मग वकिलाकडे पाहिलं. वकील वाकून फोटो बघत होता. तीस वर्षांत त्याने त्या रेघा कधी पाहिल्या नव्हत्या. दगडाला हात कुठे लावतो तो!

“मी कुणाला घाबरलो नाही,” आप्पा म्हणाले, आणि आवाज फाटला.

टायपिस्टने ते टाइप केलं.

ताईचं डोकं फिरलं. तिचं असं व्हायचं, आधी हात हलायचे आणि मग विचार यायचा. खण उघडला, कागद काढला आणि सचिवापुढे आपटला.

“घ्या. वाचा. कुणी कुणाला थांबवलं नाही आणि कुणी हातोडी ठेवली नाही. आणि त्यांच्याशी असं बोलायचं नाही या घरात.”

मग तिने आप्पांकडे पाहिलं.

पावती नेहमीची होती. मयताच्या दगडांची, छापील, आजही तशीच पुस्तकं वापरतात. दगड: काळा, दहा फूट. अक्षर: मोठं. कोरायचा मजकूर: सोबत जोडला आहे. माथ्याची ओळ: आणि इथे शाईने, ‘नंतर कळवू’. खाली नऊ सह्या, पुढाऱ्यांच्या. त्यातली सहा नावं आता रस्त्यांना आहेत.

“म्हणजे काय?” सचिवाने विचारलं.

ताईने सांगितलं. “माणूस मेला की घरचे येतात. नावावर एकमत, तारखेवर एकमत. दारू पिऊन बायकोला मारणारा असला तरी ‘प्रेमळ पती’ यावर एकमत. भांडण लागतं ते माथ्यावर. एक मुलगा टेकडीवर जातो, सून नदीवर, तिसरा कुठेच जात नाही. दगड तर उभा करायचाय. मग म्हणतात, बाकीचं कोरा, माथ्याचं नंतर कळवतो. आम्ही दोन रेघा ओढून ठेवतो, म्हणजे नंतर ओळ वाकडी बसायला नको. दहातले चार परत येत नाहीत. जाऊन बघा मसणवट्यात, असे कोरे माथे रांगेने आहेत.”

“आणि या नऊ जणांनी...”

“भांडले. आणि नंतर कळवू म्हणाले.”

“आणि कळवलंच नाही?”

“नाही.”

वकील हळूच खुर्चीत बसला. कोर्टाचे तीस वर्षांचे निकाल, कोऱ्या माथ्याचं तत्त्व, सगळं एका न पुऱ्या झालेल्या ऑर्डरवर.

आणि तेवढ्यात दादाचा चेहरा उजळला.

“म्हणजे काम शिल्लक आहे!” तो म्हणाला. “साधी गोष्ट आहे. ऑर्डर बाकी आहे. गिऱ्हाईकाला उशीर झाला, ठीक आहे, होतो. आज गिऱ्हाईक आलंय, ओळ सांगतंय. कोरू!”

“बरोबर,” सचिव म्हणाला. त्याच्या गालावर रंग आला. “अगदी बरोबर. बाई, तुमचे फार उपकार झाले. याहून चांगला पुरावा आम्हाला शोधून सापडला नसता.”

“ताई,” वकील म्हणाला, “काय केलंस हे तू?”

ताईला कळत होतं काय केलं ते. कागद अकरा वर्षं जपला तो आप्पांसाठी, बाहेर काढला तोही आप्पांसाठी. म्हातारा तर गेलाच होता हातातून, आता माथाही गेला. आप्पा तिच्याकडे बघत नव्हते. फोटोवरच्या रेघांवरून अंगठा फिरवत होते.

“लिहा,” सचिव टायपिस्टला म्हणाला. “मूळ ऑर्डर क्रमांक अमुक, गिऱ्हाईकाने माथ्याची ओळ आज रोजी कळवली असून...”

“गिऱ्हाईकाचं नाव काय घालू साहेब?”

सचिवाने चष्मा लावला. पावती उचलली. “गिऱ्हाईक असा रकाना नाहीये. मयताचं नाव असा आहे.” तो वाचायला गेला आणि थांबला. परत वाचलं. कागद दादाकडे दिला.

दादाने मोठ्याने वाचलं. “मयताचं नाव: आम्ही, या देशातले लोक.”

वहिनी पदर तोंडाला लावून जी हसायला लागली ती थांबेना.

“बाबांची सवय होती ती,” आप्पा एकदम बोलले. आवाज कोरडा, पण स्थिर. “माथ्याखालची पहिली ओळ म्हणजे मयताचं नाव. हजारो पावत्या तशाच भरलेल्या. मजकुराची पहिली ओळ उचलायची आणि इथे लिहायची. वाचतंय कोण! वाचायला वेळ कुणाला होता? मंगळवारी दगड उभा करायचा होता.”

“ही चूक आहे,” सचिव म्हणाला.

“चूकच आहे. पण सह्या नऊच्या नऊ खाली आहेत. त्यांनीही वाचलं नाही.”

वकील केव्हाच उठून दादाच्या खांद्यावरून पावती बघत होता. त्याचा आवाज कोर्टातला झाला. “खाली छापलेलं वाच, दादा.”

“माहितीये मला काय छापलंय.”

“वाच ना.”

“माथ्याची ओळ मयताच्या सर्व वारसांच्या सहीशिवाय कोरली जाणार नाही,” दादाने न बघताच म्हटलं. या एका ओळीवर त्याने आजवर किती माणसं दारातून परत पाठवली होती! रडणारी, ओरडणारी, एकदा एक जण कुदळ घेऊन आलेला.

“वारस म्हणजे या नऊ जणांचे ना?” सचिव म्हणाला. “ते होईल. त्यातल्या चौघांचे नातू तर आमच्याच पक्षात आहेत.”

“ते नऊ जण दगड सांगायला आले होते,” आप्पा म्हणाले. “वारस सांगणाऱ्याचे नसतात, मेलेल्याचे असतात. मेलं कोण ते बघा.”

“आम्ही, या देशातले लोक,” टायपिस्टने मदत म्हणून वाचून दाखवलं.

“मग झाडून सगळ्यांच्या सह्या आणा,” ताई म्हणाली. “टेकडी, नदी, कोरडे. एक जरी राहिला तरी आमच्याकडे ओळ आखली जात नाही.”

“बाई, हा काही कायदा नव्हे. दुकानाचा नियम आहे तुमच्या.”

“दुकानाचाच आहे. म्हणून दुकानात पाळतो. दुसरीकडून कोरून घ्या.”

“दुसरीकडून कोरता येत नाही, तुम्हाला माहिती आहे.” सचिवाने तिचा नाद सोडला आणि दादाकडे वळला. फार हळुवारपणे वळला. “मालक तुम्ही आहात. नियम तुमच्या घरचा आहे, तुम्ही मोडू शकता. पंच्याहत्तर वर्षांनी त्या दगडावर छिन्नी लावणारा माणूस. विचार करा.”

दादा विचार करत होता, ते दिसत होतं. त्याचा उजवा अंगठा बोटावर घासला जात होता, छिन्नीची धार बघताना घासतो तसा. वहिनी हसायची थांबली. “माझी सही धरू नका,” ती म्हणाली. “आईचं नाव नसेल तर माझी नाही, सांगून ठेवते.”

“आणि माझी कुठल्याच ओळीला नाही,” वकील म्हणाला.

“तुम्हा दोघांना विचारतंय कोण!” दादा भडकला. “ताई, तू आखून दे. एक ओळ. बाकी मी बघतो.”

ताई त्याच्याजवळ गेली. सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं तिला हे, पण दुसरं काही हातात नव्हतं.

“दादा, आईचा माथा कोरलास?”

दादाने अंगठा घासायचा थांबवला.

“नऊ वर्षं झाली. तुला थोरला हवा होता, तिचं माहेर नदीचं, आणि हा वकील म्हणाला काहीच नको. मी म्हटलं तुम्ही ठरवा, मी आखते. हत्यारं तुझ्या हातात, दगड तुझ्या अंगणात पडून होता दीड महिना. कुणी बघत नव्हतं. कोरलास?”

“नाही.”

“का नाही?”

दादाने वकिलाकडे पाहिलं. दोघं भाऊ कितीतरी दिवसांनी एकमेकांकडे बघत होते. “नंतर तिथे पाय ठेवला नसता याने,” दादा म्हणाला. “आई एकटी पडली असती.”

मग तो गेला आणि पाण्याच्या पिंपाशी उगाच हात धुवायला लागला.

सचिवाने कागद गोळा केले. चिडला नव्हता. उलट जरा हबकल्यासारखा दिसत होता, स्वतःच्या घरी कुणाच्या माथ्याचं काय झालंय ते आठवत असल्यासारखा. “समितीपुढे ठेवतो,” तो म्हणाला. “पावतीची नक्कल लागेल. आणि सह्यांसाठी कोरे फॉर्म. किती असतात तुमच्याकडे?”

“शंभराचं पुस्तक येतं,” दादा हात धुताधुता, सवयीने म्हणाला. आणि मग स्वतःच मान हलवली.

ते गेल्यावर वकील बराच वेळ फोनवर होता. आधी कुणाला तरी सांगितलं की तत्त्व संपलं. मग दुसऱ्या कुणाला सांगितलं की तत्त्वाला आजच खरा आधार मिळाला, लेखी. वहिनीने कप विसळले. दुपारपर्यंत दादा आणि वकील चुलत्यांच्या जुन्या भांडणावरून एकमेकांवर ओरडत होते, म्हणजे घर रुळावर आलं होतं.

आप्पा दारातच बसले होते. ताई त्यांच्यासमोर लाकडी ठोकळ्यावर बसली. चौथीचा धडा आता निघणार. पोरांच्या रांगा थांबणार. टाळ्या संपल्या.

“किती वर्षं होती तुझ्याकडे?” आप्पांनी विचारलं.

“अकरा.”

“आणि दरवर्षी मी हातोडी खाली ठेवायचो, आणि तू बघत उभी असायचीस.”

“तुम्ही ठेवायचा छान.”

आप्पांच्या नाकातून हसू निघालं. “ती पावती मीच फटीत कोंबली होती. फाडवेना. बाबांच्या हातचं अक्षर.”

“म्हणजे तुम्हाला...”

“अगं, त्या इमारतीत मीच जायचो विचारायला. माथ्याचं काय झालं साहेब? दोन वर्षं. एकेचाळीस खेपा, मोजल्यात मी. हा म्हणायचा त्याला विचार, तो म्हणायचा याला विचार. एकदा दाराबाहेर बसलो होतो, तर आत दोघं मोठी माणसं एकमेकांच्या गळ्याला लागली होती, खरोखर. थोरला का आई. आणि तिसरा टेबलावर चढून ओरडत होता, दोन्ही नको. बाबांना काय, बाबांनी काहीही कोरलं असतं. मंगळवारच्या आत कळवलं असतं तर सैतानाचं नाव कोरलं असतं.”

“मग ही गोष्ट कशाला सांगितलीत?”

आप्पांनी पाय लांब केले.

“पुस्तकवाले आले होते. धडा लिहायला. म्हणाले, माथा कोरा का? देश तेव्हा पाच वर्षांचा होता, रेघे. एवढ्याशा पोराला काय सांगायचं? तुझं नाव ठेवताना तुझे आईबाप एकमेकांच्या गळ्याला लागले होते, आणि मग कंटाळून जेवायला गेले?”

ताईने हाताला लागलेली भुकटी झटकली.

“आता पंच्याहत्तरचा झालाय,” आप्पा म्हणाले. “आता त्याला सांगायला हरकत नाही. चिडेल थोडे दिवस.”

आणि ते खुर्चीतून उठायला लागले. ताईने हात पुढे केला तर तो बाजूला सारून, स्वतःच उठले.